चूलबंद आवतन आणि वरच्या वस्तीचा टँकर

पुतणीच्या लग्नाच्या आदल्या दुपारी गावातल्या आमच्या घरात सगळे टीव्हीसमोर बसले होते. मालिका अंतराळयानाची, हिंदीत डब केलेली. पुतणीला तिचं वेड. हळदीच्या अंगाने ती सगळ्यांत पुढे बसली होती. मी बीडच्या एका दैनिकात इतरांच्या बातम्या दुरुस्त करतो. लग्नासाठी रजा काढून आलो होतो.

त्या भागात यानातलं हवा शुद्ध करणारं यंत्र बंद पडतं. घर फार लांब असतं. वाटेत एक लहान, मोडकं यान भेटतं. त्यातले लोक मदत मागतात आणि कॅप्टन त्यांचंच यंत्र काढून आणायला सांगतो. अधिकारी एकेक कारण पुढे करतात: आपण जास्त आहोत, त्यांना मागून कुणी ना कुणी भेटेलच. विरोध करणारी डॉक्टर शेवटी स्वतःच दार उघडून देते.

दादा, माझा थोरला भाऊ, गावचा सरपंच. कॅप्टनचं बरोबर आहे, आधी आपली माणसं, असा निकाल त्याने देऊन टाकला. वहिनी लाडू वळत होती. त्या दुसऱ्या लोकांचं पुढे काय झालं ते दाखवलं कावून न्हाई, एवढंच तिने विचारलं. मालिका त्यांची नाही, दादा म्हणाला.

तेवढ्यात दारात पाण्याचा सरकारी टँकर उभा राहिला. आमच्या विहिरीत ओतायची खेप सकाळीच होऊन गेली होती. ही डोंगरावरच्या वस्तीची. चढावरची खडी उखडली होती, गाडी दोनदा मागे घसरली होती. चालकाने सरळ सांगितलं, की वर जाणं होत नाही, पाणी इथंच सोडतो. आमची अडचण त्याला माहीत होती. लग्नासाठी ठरवलेल्या विकतच्या टँकरवाल्याने त्याच सकाळी नकार कळवला होता आणि दुसऱ्या दिवशी आष्टीहून वऱ्हाड येणार होतं.

दादाला कारण लगेच सापडलं. वस्तीला चूलबंद आवतन होतं. म्हणजे उद्या तिथल्या एकाही घरात चूल पेटणार नव्हती, लहानथोर सगळे आमच्याकडेच जेवणार होते. मग त्यांनी त्यांचं पाणी इथं येऊन प्यायलं तर बिघडलं काय? चुलत्यांना पटलं. मलाही पटलं, तो युक्तिवाद मी बातमीतून काढला नसता. चालकाने पाइप विहिरीकडे ओढला.

वहिनी बेसनाच्या हातानेच बाहेर आली.

"अहो, माणसं येतील जेवायला. जनावरांना कुठं आवतन दिलंय?"

चालकाने पाइप खाली ठेवला.

दादा वऱ्हाडाचं काय करायचं ते विचारू लागला. मुलीचं सासर, पहिलाच प्रसंग, जन्मभर बोलून दाखवतील.

"पप्पा, पाणी कमी पडलं तर सासरी मी सांगते," पुतणी म्हणाली.

"तू नवरी हायस का कॅप्टन?" दादा तिच्यावर खेकसला. पण खुंटीवरची ट्रॅक्टरची चावी त्याने तेवढ्यातच काढली.

टँकर साखळीने ट्रॅक्टरला बांधून आम्ही चढावर ओढला. मी चाकांमागे दगड लावत चाललो. वस्तीवर पाणी विहिरीत पडायला लागलं तशा बादल्या खाली गेल्या, आणि हौदावर गुरं जमली. आभार कुणी मानले नाहीत. पाणी त्यांचंच होतं.

लग्नात हात धुवायला दोघांत एक तांब्या आला. नवरदेवाचा चुलता मांडवात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, की सरपंचाच्या दारात पाण्याचा ठणठणाट हाय. दादाने त्याला हात जोडले आणि गावात नळ कधी येईल ते सांगत बसला नाही.

वस्तीची माणसं दुसऱ्या पंगतीला बसली. दादाने वाढप्याला बाजूला केलं, बुंदीची बादली स्वतःच्या हातात घेतली आणि एकेकाच्या तोंडाकडे बघत आग्रह करत पंगतीच्या टोकापर्यंत गेला.