पतंगांची अंडी कमी पडली तेव्हा

भेस्तानच्या घरात आज जुनी ज्वारी चाळायला घेतली. डब्यातून पतंग उडाला आणि तो कोंदट, पिठूळ वास आला. हात आपोआप थांबले.

चलथाणजवळच्या एका प्रयोगशाळेत मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाई कामाला होतो. उसावरची मावा कीड फस्त करणाऱ्या अळ्या आम्ही वाढवायचो. भरडलेल्या ज्वारीत पतंग पाळायचे आणि त्यांची अंडी या अळ्यांना खायला घालायची. त्या दिवसांत पांडेसऱ्यातली कापड मिल बंद होती, आमचे नवरे, दोघे भाऊ, घरी बसून होते. एका खोलीत, एका चुलीवर आम्हा दोघींचे रोज खटके उडायचे. शेवटी आम्ही बोलणंच सोडलं होतं.

एका दुपारी अंडी कमी पडली. उपाशी अळ्या एकमेकींना वाकड्या जबड्यांत धरून शोषू लागल्या. आम्ही दोघी कुंचल्याने त्यांना सोडवत, एकेकीला वेगळ्या कप्प्यात ठेवत राहिलो. मान भरून आली, डोळे चुरचुरू लागले, तरी काम संपेना.

"भूक लागनी का बहीण बी दिसत नही," जाऊबाई खाली बघतच म्हणाल्या. मग हात धुऊन त्यांनी डबा उघडला आणि अर्धी भाकरी माझ्यापुढे सरकवली. "खाई ले वं. भांडाले बी ताकद लागस."

मी खाल्ली. तेव्हा वाटलं, जाऊबाईंनी हार मानली.

त्यांचं बाळ तेव्हा अंगावर पीत होतं. इतक्या वर्षांनी कळतं, त्या दुपारी माझ्यापेक्षा जास्त भूक त्यांनाच लागलेली असणार.