भाऊंनी दाबलेलं बटण

भद्रावतीत आमच्या शेजारी राहणारे भाऊ दारूगोळ्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेत. मिक्सरचं बटणसुद्धा ते "सरका!" असं ओरडल्याशिवाय दाबत नाहीत.

मी एका मोठ्या क्लाउड कंपनीची डिझायनर. काम घरूनच करते. ग्राहकाची साठवलेली सगळी माहिती कायमची पुसणारं लाल बटण मी महिनाभर खपून तयार केलं होतं. ते एखाद्या नवख्या माणसानं दाबून बघायचं होतं, म्हणून मी भाऊंना बोलावलं. बंगळुरूचे साहेब लॅपटॉपवरून बघत होते.

"यानं काय होते?" भाऊंनी विचारलं.

"सगळं नष्ट होतं. पण ही नुसती चाचणी आहे, भाऊ."

भाऊंनी आईला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं, अंगणातली शेळी लांब नेऊन बांधली आणि मला दाराआड उभं केलं. मग तोंड फिरवून, हात लांब करून त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर हिरवी खूण आली, बस.

भाऊ बराच वेळ थांबले. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "फुसका निंगला, पोरी. मनाले लावून नको घेऊ. दुसरा बनव."

साहेबांना मराठी येत नव्हतं. "काय म्हणाले?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"आवडलं त्यांना," मी सांगितलं.