वाटाण्यातला हुप्प्या

माझे मामा फौजेतून निवृत्त होऊन देहूरोडला राहायला आले, तेव्हा मी पिंपरीच्या एका कंपनीत नुकताच कायम झालो होतो. त्यांच्याकडे बारा बोअरची बंदूक होती, तिचं रीतसर लायसन होतं, आणि आसपासच्या गावांत रानडुकरं माजली की लोक त्यांनाच बोलवायला यायचे. मामा सायकलला बंदूक बांधून जायचे. सकाळी परत येताना कॅरिअरला मटणाचा वाटा असायचा. डुक्कर मारून आलेला माणूस जेवढा खूश असावा तेवढे ते खूश असायचे, जास्त नाही. आधी बंदूक पुसायची, मग अंघोळ, मग चहा, असा त्यांचा क्रम होता.

आमचं गाव चाकणच्या अलीकडे. वडील गेल्यावर ओढ्याकाठचा जमिनीचा तुकडा आई एकटी बघायची. मी कासारवाडीला खोली घेऊन राहत होतो आणि गुरुवारी, कंपनीच्या सुट्टीला, गावी जायचो. आईला वाटाण्याची फार हौस. हिवाळ्यात ती अर्ध्या रानात वाटाणा लावायची, उरलेल्यात हरभरा. बांधावर पेरूची चार झाडं होती आणि ओढ्यापलीकडे एक जुनी चिंच. वानरांचा कळप त्या चिंचेवर असायचा. आधी तो वरच्या आमराईत राहायचा. आमराई विकली गेली, तोडली गेली, आणि कळप खाली आला. पंधरा-वीस वानरी, त्यांची पिल्लं, आणि त्या सगळ्यांवर एक हुप्प्या, कळपाचा म्होरक्या नर.

वानरांना हाकलायचं म्हणून आईने सगळं करून पाहिलं. गोफण, पत्र्याचा डबा, वडिलांचा जुना सदरा घातलेलं बुजगावणं. बुजगावण्याच्या खांद्यावर बसून वानरं शेंगा सोलायची. गावातल्या इतरांच्या रानातही हेच चाललं होतं. पारावर रोज त्यांना शिव्या पडायच्या आणि शनिवारी तीच माणसं त्यांच्यापुढे गूळ-फुटाणे ठेवायची.

त्या वर्षी माघात हुप्प्या आईला चावला. तिने भाकरीचं गाठोडं बांधावर ठेवलं होतं, ते त्याने उचललं. ती काठी घेऊन धावली. तो पळाला नाही, उलटा तिच्या अंगावर आला. तिच्या उजव्या हाताचा कोपराखालचा मांसाचा लचकाच निघाला. शेजारच्या रानातल्या माणसांनी तिला बैलगाडीत घालून चाकणला आणलं आणि मला कंपनीत निरोप पाठवला.

डॉक्टर म्हणाले, पिसाळला असेल तर सांगता येत नाही, पोटातली इंजेक्शनं घ्यावी लागतील. मग आईला मी कासारवाडीच्या खोलीवर आणलं. रोज तिला दवाखान्यात न्यायचं आणि तिथून ड्युटीवर जायचं. पोट सुजून टम्म झालं होतं तिचं. तरी तिला रानाचीच काळजी.

“शेंगा भरल्यात रे,” ती म्हणायची. “आन् तितं कुनी न्हाई.”

गुरुवारी मी गावी जाऊन रान बघून आलो. अर्धा वाटाणा झोपला होता. खाल्लेला कमी, ओरबाडून टाकलेला जास्त. तसाच मी सायकल मारत देहूरोडला गेलो.

मामा दारात बसून बूट पुसत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “डुकराचं सांग. कोल्ह्याचं सांग. वानरावर मी बंदूक धरत न्हाई.”

“का?”

“त्याला हात असत्यात.”

मला तेव्हा राग आला. फौजेत राहिलेला माणूस असं बोलतो याचा राग. मी म्हणालो, “मामा, तुमच्या बहिणीचा हात बघितलात का तुम्ही?”

ते बूट पुसत राहिले. आत मामी चहा गाळत होती, तिचा आवाज थांबला. मामा म्हणाले, “हवेत बार काढतो. पळून जातील.”

त्यांनी तसं केलं. दुसऱ्या दिवशी रानात येऊन दोन बार काढले. कळप ओढा ओलांडून लांब गेला आणि चार दिवसांत परत चिंचेवर आला. मी पुन्हा देहूरोडला गेलो. या वेळी मी मामांना आईला भेटवायला खोलीवर घेऊन आलो. भेट हे निमित्त होतं. आईच्या हाताची पट्टी बदलायची वेळ मी मुद्दाम साधली होती. जखम उघडी पडली तशी मामांनी मान फिरवली.

“अक्का, लई दुखतं का?”

“दुखायचंच की,” आई म्हणाली. “पर तू त्येला मारू नगंस. देवाचं जनावर हाय.”

मामांना दारापर्यंत सोडायला गेलो तेव्हा मी म्हणालो, “ती असंच म्हणणार. उद्या ती परत त्याच रानात एकटी बसणार आहे.”

मामा सायकलवर बसता बसता म्हणाले, “गुरुवारी ये रानात.”

गावच्या एका वडीलधाऱ्या माणसाला मी आदल्या दिवशी सांगून ठेवलं. त्यांच्याही हरभऱ्याची नासाडी झाली होती. ते तंबाखू मळत म्हणाले, “करा काय करायचं त्ये. आमाला इचारू नका.” मी ती परवानगी समजलो.

गुरुवारी सकाळी मामा आणि मी विहिरीच्या धक्क्यामागे बसलो. ऊन अजून कोवळं होतं. कळप चिंचेवरून उतरला. आधी वानरी आल्या, पोटाला पिल्लं धरून, मग तो आला. बांधावर बसला आणि एकेक शेंग तोडून, दाताने फोडून, आतले दाणे खायला लागला. आम्ही सोलतो तसाच. मामांनी बंदूक खांद्याला लावली आणि तशीच धरून राहिले. इतका वेळ की माझ्या पायाला मुंग्या आल्या. मला वाटलं, ते आता बंदूक खाली ठेवणार.

“मामा, मारा,” मी म्हणालो.

बार झाला. कळप किंचाळत चिंचेवर गेला. हुप्प्या मात्र लगेच पडला नाही. तो होता तिथेच बसून राहिला. त्याने छातीवर हात ठेवला, मग तो हात डोळ्यांसमोर धरून पाहिला. पुन्हा ठेवला, पुन्हा पाहिला. मग एका कुशीवर आडवा झाला, झोप आल्यासारखा.

मामांनी बंदुकीची नळी खाली वाकवून रिकामं काडतूस काढलं आणि खिशात टाकलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, “झालं तुझ्या मनासारखं?”

बाराचा आवाज गावात पोचला होताच. तासाभरात माणसं आली. कुणी नवं कापड आणलं, कुणी हळद-कुंकू. हुप्प्याला खुर्चीत बसवलं, गुलाल लावला, हलगी लावून मिरवणूक काढली आणि मारुतीच्या देवळामागे पुरलं. ज्यांच्या हरभऱ्यात तो रोज उतरायचा तीच माणसं खांदा द्यायला पुढे होती, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते खोटं होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही. मामा देवळाच्या दिशेने चालायला लागले तसा एकाने हात आडवा धरला.

“तुमी न्हाई यायचं, पाव्हणं.”

पुरून झाल्यावर पारावर माणसं बसली. तंबाखू मळणारे वडीलधारे मधोमध होते. मी उभा राहून सांगितलं, “मामांना मी बोलावलं. ते नको म्हणत होते. जे काय प्रायश्चित्त असेल ते मला द्या.”

ते म्हणाले, “तू पोरगं हायस. गोळी कुनी झाडली?”

“मी झाडली,” मामा मागून म्हणाले.

“मग बस खाली,” वडीलधारे मला म्हणाले. मी म्हणालो, “तुम्हालाही मी विचारलं होतं.” त्यावर ते पुन्हा तंबाखू मळायला लागले, आणि बाकीचे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मीच काहीतरी वाईट बोललो होतो. मी खाली बसलो.

ठरलं ते असं, की मामांनी काही शनिवार मारुतीला तेल घालायचं. ते देहूरोडहून सायकलवर यायचे, तेल घालायचे आणि पाणीसुद्धा न पिता परत जायचे. त्यांना पाणी विचारणारं कुणी नव्हतंच. आई कासारवाडीला होती. मी शनिवारी कामावर असायचो. एकदा रजा टाकून मी त्यांच्याबरोबर गेलो. देवळात तेल घालताना एक बाई तिच्या मुलीला बाजूला ओढून म्हणाली, “त्यो बग, वानरमाऱ्या.” मामांनी ऐकलं. समईची वात सारखी केली आणि बाहेर आले.

आईची इंजेक्शनं संपली. तिला काही झालं नाही. तो हुप्प्या पिसाळलेला नसावाच. ती गावी गेली आणि उरलेला वाटाणा राखायला बसली. कळप चिंचेवरच होता, पण आता हुप्प्या नव्हता. थोड्याच दिवसांत डोंगराकडून दोन-तीन तरणे नर आले. त्यांची आपसात मारामारी झाली, एक टिकला, बाकीचे गेले. मग एका गुरुवारी मी घरी पोचलो तर आई चूल न पेटवता बसलेली.

“रानात चल,” ती म्हणाली.

वाटाण्याच्या वेलांत वानराचं पिल्लू मेलेलं पडलं होतं. तळहाताएवढं तोंड, मानेवर चावा.

“कुत्र्यानं मारलं असेल,” मी म्हणालो.

“कुत्र्यानं न्हाई. मी डोळ्यांनी बगितलं. त्या नव्या हुप्प्यानं आईच्या पोटाचं वडून घेतलं. ह्ये दुसरं हाय. पयल्याला त्याची आई अजून घिऊन हिंडतीय.”

तिने चिंचेकडे बोट केलं. एक वानरी फांदीवर बसली होती आणि तिच्या मांडीवर काहीतरी वाळलेलं लोंबत होतं. मधून मधून ती त्यावरच्या माशा हाकलायची.

पुढच्या शनिवारी मी पुन्हा रजा घेतली आणि मामांना देवळातून रानात आणलं. न सांगता राहिलो असतो तरी चाललं असतं, असं आता वाटतं. पण मला ते एकट्याला सहन होत नव्हतं. तोवर कळपात एकही अंगावरचं पिल्लू उरलं नव्हतं. मामांनी चिंचेकडे बराच वेळ पाहिलं आणि विहिरीच्या धक्क्यावर बसले.

“जुना होता तवर ह्यो इकडं फिरकत नव्हता,” ते म्हणाले. “म्हंजी ही पोरंबी माझ्याच हातनं गेली.”

“माझ्या,” मी म्हणालो.

“आपण वाटून घेत बसू नये आता,” मामा म्हणाले. एवढंच.

देहूरोडला गेल्यावर त्यांनी बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली. मामी पुढे एकदा मला जेवायला वाढताना म्हणाली, “तुमी त्या दिवशी आला नसता तर...” आणि वाक्य अर्धंच सोडून भात वाढायला वळली. तिने मला कधी तोडलं नाही, पण हुप्प्या मेला त्या दिवसापासून ती मला ‘तुम्ही’ म्हणायला लागली होती. त्याआधी ‘तू’ होतं.

आईने वाटाणा लावणं बंद केलं. रानात कांदा केला. कांद्याला वानरं फारशी शिवत नाहीत. पुढच्या सालापासून कळपात पुन्हा पिल्लं दिसायला लागली, तेव्हा आई मला ते मुद्दाम सांगायची. मला बरं वाटावं म्हणून सांगते हे कळायचं, आणि म्हणूनच बरं वाटायचं नाही.

बऱ्याच वर्षांनी, मी निगडीला घर घेतलं त्याच्या थोडं आधी, एक शेतकरी कंपनीच्या गेटवर मला शोधत आला. डोंगराच्या पायथ्याचं गाव होतं त्याचं. भुईमुगात डुकरं रोज उतरत होती. तो मामांकडे दोनदा गेला होता, मामा घरी नव्हते, आणि मामीने बंदूक जमा आहे म्हणून सांगितलं होतं.

“तुमी त्यांचं भाचं,” तो म्हणाला. “तुमचा शब्द त्ये मोडत न्हाईत, आसं ऐकलंय. येक डाव बोला. डुकरंच हायती, दुसरं काय न्हाई.”

मी म्हणालो, “त्यांनी ते सोडलंय. मी त्यांना काही सांगणार नाही.”

“भुईमूग समदा जाईल, साहेब.”

“तुम्ही दुसरं कुणी बघा.”

तो वाद घालत बसला नाही. डोक्याचं पागोटं सारखं करून बराच वेळ गेटसमोरच्या चहाच्या टपरीपाशी उभा राहिला. दुसऱ्या शिफ्टची माणसं आत जायला लागली तेव्हा तो गेला. मला वाटलं, या वेळी तरी आपण शहाण्यासारखं वागलो. मामांना मी हे सांगितलं नाही. पुढे चाकणच्या बाजारात कळलं, की त्या माणसाच्या हाताला भुईमुगाचं एक पोतंही लागलं नाही, आणि तो भोसरीकडे हमालीला गेला.

एकोणीसशे ऐंशीनंतर मामा आजारी पडले. मी दर गुरुवारी देहूरोडला जाऊन बसायचो. एकदा उशीला टेकून बसले असताना त्यांनी सहज विचारलं, “मागं येक भुईमूगवाला हितं येऊन गेला व्हता. हिनं मला लई उशिरा सांगितलं. तुझ्याकडं आला व्हता का रं?”

“आला होता.”

“मग?”

“मी नाही म्हणालो. म्हटलं, तुम्हाला परत त्रास नको.”

मामा खिडकीकडे बघत होते. म्हणाले, “बंदूक ठाण्यात व्हती, पर लायसन मी दर खेपेला नवं करून घेत व्हतो. डुकरासाठी गेलो असतो मी.” मग म्हणाले, “मला इचारायचं तरी.”

मी पाण्याचा पेला त्यांच्या हाताशी सरकवला. त्यांनी तो घेतला आणि हळूहळू पाणी प्यायले. मामी आत येऊन म्हणाली, आता त्यांना पडू द्या. मी उठलो.