डाव्या बगलेतल्या गुंड्या

माझी मुलगी दोह्यात फॅशन डिझाइन शिकते. शेवटच्या वर्षाचं कलेक्शन तिनं वर्गातल्या एका चिनी मैत्रिणीबरोबर जोडीनं केलं: उभ्या कॉलरचे, तिरक्या छातीचे जुने चिनी अंगरखे, पण कट आजचा. पाच ड्रेस त्यांनी कॉलेजात शिवले. वेळ संपत आली तेव्हा सहावा अर्थातच माझ्या गळ्यात पडला.

आणि कापड तरी कसलं आणावं! सूक वाकिफच्या बाजारात जरीचे ढीग पडलेत, अन् ह्या बयेनं आणलं साधं लाल रेशीम. "अगं, ह्याची सुलट बाजू कुठली?" "व्हॉटेव्हर, आई. बोथ साइड्स आर सेम." मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत.

कागदी कटिंग बघते तर गुंड्या उजव्या अंगाला, पुरुषांच्या शर्टाला असतात तशा! वीस वर्षं बायकांचे ब्लाउज शिवतेय मी. कार्ट्यांना एवढंही कळत नाही, असं म्हणत मी कागद पालथा घातला, कापलं, आणि गुंड्या डाव्या बगलेत बसवल्या. विचारायचं कशाला कुणाला?

शोच्या दिवशी दुपारी मैत्रीण दोह्याजवळ अल वक्राला आमच्या घरी आली. तो ड्रेस तिनंच घालायचा होता. तिची आई शोसाठी खास चीनहून आलेली, पहिल्या रांगेत बसणार होती. पोरीनं ड्रेस घातला, आरशात पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला. "छान आहे, आंटी," म्हणाली. छान म्हणताना कुणी असं तोंड पाडतं का? मी खनपटीलाच बसले. शेवटी खाली बघत तिनं सांगितलं, डाव्या बगलेत बंद होणारा अंगरखा त्यांच्यात माणूस गेल्यावर त्याच्या अंगावर घालतात.

"अगं बाई! काढ आधी ते, आत्ताच्या आत्ता!" मी किंचाळलेच. स्वतःच्या आईसमोर ती पोर हे घालून चालणार होती, का, तर आंटीनं कष्ट केलेत!

टीप न् टीप उसवली. कापड दोन्हीकडून सारखं म्हणून बरं. एकेक तुकडा पालथा केला, की डाव्याचं उजवं होत होतं. जरीचं असतं तर खलास. मैत्रीण उसवत होती, मुलगी गुंड्या टाचत होती, मी मशीनवर. तोंड माझं चालूच. "दोन दिवस हँगरला लटकतोय ड्रेस! तुला दिसला नाही? डोळे कुठे होते तुझे?"

मुलीनं मान वर केली नाही. "दिसला होता," चक्क मराठीत म्हणाली. "परवाच. पण तू ओरडशील म्हणून बोलले नाही."

मशीनवरचा माझा पाय थांबला. "पुढचा तुकडा दे," एवढंच म्हटलं.

संध्याकाळी लाल ड्रेस सगळ्यात शेवटी आला, गुंड्या उजव्या बगलेत. मैत्रिणीची आई उभी राहून टाळ्या वाजवत होती. आणि माझी पोर रॅम्पकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत होती, मी आता काय बोलते म्हणून.