ओली जखम

पांढुर्ण्यातल्या एका खासगी दवाखान्यात अलकाबाई बावीस वर्षांपासून मलमपट्टी करायच्या. जखम कोरडी राहिली की बरी होते, हे त्यांना जुन्या डॉक्टरांनी शिकवलं होतं आणि त्याप्रमाणेच त्या पावडर टाकून, कोरडी पट्टी बांधून रोग्यांना घरी पाठवत. चिकटलेली पट्टी एका झटक्यात ओढून काढायची, हीही त्यांची पद्धत. रोगी ओरडला की हसून म्हणायच्या, "एवढा मोठा माणूस, अन् रडून राहिले!"

मागच्या वर्षी वृषाली नावाच्या तरुण डॉक्टर तिथे आल्या. तिगावचे भगवंतराव तेव्हा सात महिन्यांपासून खेपा घालत होते. संत्र्याच्या पेटीचा खिळा नडगीला लागला होता, साखरेचा आजार होता, आणि जखमेवर सुकलेला पिवळा थर बसला होता. डॉक्टरांनी पायाचा रक्तपुरवठा तपासला, जखमेत पू नाही ना ते पाहिलं, मग एका ट्यूबमधून पारदर्शक, जेलीसारखा हायड्रोजेल त्या थरावर पसरवला.

"मॅडम, ओलं ठेवलं तर सडन नं हे," अलकाबाई म्हणाल्या.

"वाळलेल्या जखमेवर नवी कातडी सरकत नाही, अलकाताई. थोडा ओलावा लागतो तिला. पण वाहत्या जखमेला हे नको, ते पाहूनच ठरवायचं."

तीन दिवसांनी पट्टी उघडायची वेळ आली तेव्हा भगवंतरावांनी सवयीनं डोळे मिटून पलंगाची कड धरली. पट्टी अलगद निघाली.

"झालं?" त्यांनी विचारलं. "काढली का तुमी?"

खालचा थर मऊ पडला होता. पुढच्या दोन महिन्यांत त्याखाली लालसर मांस भरत गेलं. भगवंतराव खूश होते, घरून संत्री घेऊन आले. अलकाबाईंना मात्र जेवण गोड लागेना. त्यांना सावरगावचे एक जुने रोगी, गुणवंता, आठवत होते. दोन वर्षं त्या त्यांच्या पायाची पट्टी ओढत होत्या, आणि एक दिवस ते यायचेच बंद झाले होते.

एका रविवारी त्या पूल ओलांडून सावरगावला गेल्या. गुणवंता अंगणात खुर्चीवर बसले होते. डावा पाय गुडघ्याखाली नव्हता.

"नागपूरले कापला, दिवाळीच्या आधी," त्यांच्या पत्नी छायाबाई म्हणाल्या. "दवाखान्याचं नाव काढलं का घाबरत. घरीच फडकं बांधून ठेवत होते. मले दाखवतच नोते."

अलकाबाईंनी हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला.

"माह्यामुळं झालं का हे?"

"साखरही होती, उशीरही झाला," गुणवंता म्हणाले. "पण तुमी ओढत होत्या तवा लई दुखे, बाई. अन् तुमी हासत होत्या."

अलकाबाईंनी मान खाली घातली, आणि त्यांना दिसलं की उजव्या टाचेला एक भेग उकलली आहे. कडा काळ्या पडून कडक झाल्या होत्या.

"हे कधीपासून आहे?"

गुणवंतांनी पाय खुर्चीखाली ओढला.

"दाखवा नं," छायाबाई कळवळून म्हणाल्या. "आता एकच तं उरला."

"पट्टी ओढीन नाही," अलकाबाई म्हणाल्या. "भिजवून काढीन. तुमी थांब म्हटलं का थांबीन."

दुसऱ्या दिवशी छायाबाई गुणवंतांना ऑटोनं दवाखान्यात घेऊन आल्या. डॉक्टरांनी पाय तपासून त्याच जेलची पट्टी सुरू केली आणि टाचेवर भार टाकायला सक्त मनाई केली. पहिल्या तीन वेळा पट्टी काढताना गुणवंतांनी दर मिनिटाला "थांबा" म्हटलं. दर वेळी अलकाबाई थांबल्या. बाहेर रोग्यांची रांग वाढत असे.

टाच भरायला चार महिने लागले. वरची कातडी अजून पातळ आहे. गुणवंता दर महिन्याला दाखवायला येतात, डॉक्टरांशी बोलतात, छायाबाईंच्या खांद्याचा आधार घेऊन परत जातात. अलकाबाईंशी कामापुरतं बोलतात. त्याही जास्त बोलायला जात नाहीत.