पायाशी बसलेला मुकादम

गोदूबाईला खोटं बोलता यायचं नाही. सोयरीक जुळवायला निघालेली मंडळी तिला मुद्दाम घरी ठेवून जायची, कारण मुलगी तिरळी असली तर ती पोह्यांची बशी हातात असतानाच ते बोलून मोकळी व्हायची. "खोटं बोलले की माझ्या पोटात कळ येते, मी काय करू?" असं वर तोंड करून सांगायची. ओतूरकडची पोर, लग्न होऊन शहाडला आली, आणि तिच्या हातच्या बाजरीच्या भाकरीवर तिथल्या कंपनीतली निम्मी सेकंड शिफ्ट वीस वर्षं जगली. डबा न्यायला आलेल्या माणसालासुद्धा ती सांगायची, आज भाजी खारट झालीय, पाणी जास्त पी.

नवरा देवराम तिच्या अगदी उलटा. मऊ माणूस. कंपनीतून रिटायर झाला आणि महिन्याभरात एक राखाडी बोका पिशवीत घालून घरी आला. गोदूबाईला मांजराचा भारी तिटकारा. तिनं त्या दिवशी घर डोक्यावर घेतलं. पण बोका दारात बसून सगळ्यांच्या जाण्यायेण्यावर नजर ठेवायला लागला, तसं देवरामनं त्याचं नाव मुकादम ठेवलं आणि विषय संपला. सकाळी देवराम मोरीशी उभा राहून खाकरायचा, दोनदा बारीक आणि एकदा मोठं, आणि मुकादम त्याच्या पायाशी बसून ऐकायचा. चौथ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत मुलगा सुदेश, सून रसिका, हे दोघं म्हातारे आणि हा बोका, असं सहा-सात वर्षं ठीक चाललं होतं.

मग ती एप्रिल-मेची लाट आली. दुसरी. त्याबद्दल जास्त काय सांगायचं, ज्यांनी पाहिली त्यांना सांगायला नको. देवरामला ताप भरला, श्वास पुरेना, आणि कल्याणच्या एका हॉस्पिटलात कशीबशी खाट मिळाली. अँब्युलन्समध्ये चढताना तो मास्कच्या आतून एवढंच म्हणाला, "मुकादमाकडं बघ गं."

आणि गोदूबाईनं काय करावं? शेजारची रतन म्हणाली होती, हा रोग जनावरातूनच आलाय, टीव्हीवर दाखवलं. बोका तर रात्रंदिवस देवरामच्या पांघरुणात. बस्स, डोक्यात बसलं, ह्यानंच दिला. संध्याकाळच्या आत तिनं तांदळाचं रिकामं पोतं काढलं. "सुदेश, नदीपलीकडं सोडून ये. पाणी ओलांडलं की मांजराला परतीची वाट सापडत नाय." सुदेशला ते पटलं नाही, पण त्या दिवसांत कोण कुणाशी वाद घालणार? बाईकवर पोतं बांधून तो उल्हास नदीचा पूल ओलांडून गेला आणि आंबिवलीच्या बाजूला एका बंद गोदामाशी गाठ सोडून आला.

आठवडा गेला असेल. हॉस्पिटलातल्या एका नर्सनं दया येऊन आपल्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावून दिला. देवरामच्या तोंडावर ती जाड नळीची टोपी, डोळे खोल गेलेले. त्यानं टोपी जराशी बाजूला केली आणि हसला.

"मुकादम आलाय बघ," म्हणाला. "पायाशी बसलाय."

नर्स मागून म्हणाली, "आजोबा कालपासून हेच बोलतायत."

"किती वाळलाय तो," देवराम म्हणाला. "खायला घातलंस का त्याला?"

जन्मात खोटं न बोललेली बाई. तिच्या तोंडून शब्द निघून गेले. "हो, घातलं."

देवरामनं पायांकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि टोपी परत तोंडावर ओढून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉस्पिटलातून फोन आला. तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. पीपीई घातलेल्या माणसांनी सगळं केलं, सुदेशच्या हातात अस्थींचं मडकं दिलं.

दहावा बिल्डिंगच्या गच्चीवर केला. नदीवर जायची सोय नव्हती, गुरुजी मोबाईलवरून मंत्र सांगत होते. सुदेशनं पिंड ठेवला आणि सगळे मागे सरकून कावळ्याची वाट बघत बसले. कावळे होते हो! समोरच्या तारेवर ओळीनं होते. एकही खाली येईना. सुदेश हात जोडून एकेक कबूल करायला लागला. आईला सांभाळीन. गावचं घर विकणार नाही. रसिकाला काही कमी पडू देणार नाही. कावळे हलले नाहीत. "अजून काही राहिलंय का? कोणाची काही इच्छा, काही शब्द दिलेला?" गुरुजींनी विचारलं. सगळ्यांनी गोदूबाईकडे पाहिलं. तिनं पदर पुढे ओढून घेतला.

शेवटी गुरुजी म्हणाले, दर्भाचा कावळा करा आणि पिंडाला लावा. सुदेश दर्भ वळत होता, तेवढ्यात पाण्याच्या टाकीमागून मुकादम आला. हाडं निघालेली, एक कान फाटलेला, अंगाला चिखल. तो कुणाकडे न बघता सरळ चालत आला आणि पिंड खाल्ला. मग गोदूबाईसमोर बसला आणि खाकरला. दोनदा बारीक, एकदा मोठं.

रसिका किंचाळली. सुदेशच्या हातातला दर्भ पडला. मोबाईलमधून गुरुजी विचारत राहिले, "लागला का? लागला का?"

त्या दिवसापासून बोका घरात राहिला. त्याला हाकलायची हिंमत कुणाची होती? देवरामच्या खाटेवर पायथ्याशी बसायचा. सकाळी मोरीशी जाऊन खाकरायचा, तसाच. सुदेश आणि रसिकानं ठेवलेलं खायचा, पण गोदूबाईनं काही घातलं तर वास घ्यायचा, तिच्याकडे बघायचा आणि उठून जायचा. तिनं बोंबील भाजून ठेवला, दुधावरची साय ठेवली. छे! एक घास नाही. "आई, मांजराची जात, लहरी असते," रसिका म्हणायची. गोदूबाई हो म्हणायची आणि तिच्या पोटात कळ यायची.

पुढच्या वर्षी थंडी सरता सरता डॉक्टर शिवानी आली. ही प्राण्यांची डॉक्टर, कल्याणमधली, एका व्हेटर्नरी कॉलेजच्या कामात होती. ज्या घरात कोरोना होऊन गेला तिथल्या कुत्र्यामांजरांचे नमुने गोळा करायचे, त्यांच्यात कोरोना आहे का बघायचं, असला तर कुठला, जुना की नवा, ते शोधायचं, असं काम. तोवर माणसांत सगळीकडे नवा ओमायक्रॉन पसरला होता. रसिकाला दिवस गेले होते, त्यामुळे सुदेशलाही खोकणाऱ्या मांजराची धास्ती होतीच. त्यानंच तिला बोलावलं.

शिवानीनं मोठ्या हौसेनं जाड हातमोजे चढवले. "बोके फार त्रास देतात, हात ओरबाडून काढतात," म्हणाली. मुकादमनं मात्र आपण होऊन तोंड उघडलं. घशात काडी फिरवली तरी हलला नाही, फक्त गोदूबाईकडे बघत राहिला. शिवानीचं हसू हळूहळू मावळलं. तिनं पटपट सामान आवरलं.

काही दिवसांनी ती परत आली ती घाईघाईनं. मास्क लावून दारातच उभी राहिली.

"आजी, त्याच्यात विषाणू सापडलाय. आणि तो आत्ताचा नाही. डेल्टा आहे, मागच्या लाटेतला. मांजराच्या अंगात एवढे महिने टिकलेला मी तरी ऐकला नाही."

"म्हणजे बाबांचाच?" सुदेशनं विचारलं.

शिवानी जरा घुटमळली. देवरामचे नमुने त्या वेळी हॉस्पिटलनं तपासणीसाठी पुढे पाठवले होते. एक भरती होतानाचा आणि एक शेवटच्या दिवसांतला. सुदेशच्या परवानगीनं तिनं ते निकाल मागवले होते. "कसं असतं, एकच गोष्ट दहाजणांनी सांगितली की प्रत्येकाकडून एखादा शब्द बदलतो ना, तसा हा विषाणू अंगातून अंगात जाताना बदलतो. तुमच्या बाबांच्या दुसऱ्या नमुन्यात असा एक बदल आहे, तो मी बाकी कुणाच्या नमुन्यात पाहिलेला नाही. तोच मुकादमात आहे."

"मग घरी असतानाच त्याला लागला असणार," सुदेश म्हणाला.

"तेच तर. भरती होतानाच्या नमुन्यात तो बदल नाहीये. तो हॉस्पिटलात झालाय. बाबा भरती झाल्यानंतर मांजर त्यांच्याजवळ गेलं होतं का कधी?"

सुदेशनं आईकडे पाहिलं. पोत्याची गाठ त्यानं स्वतःच्या हातानं सोडली होती, नदीपलीकडे. कल्याणचं हॉस्पिटल कुठे आणि आंबिवलीचं गोदाम कुठे!

"तसा योगायोगही असू शकतो," शिवानी पटकन म्हणाली. "तोच बदल दोन ठिकाणी आपोआप होतो कधीकधी."

गोदूबाईला व्हिडिओ कॉलवरचं देवरामचं बोलणं आठवलं. मुकादम आलाय बघ. पायाशी बसलाय. किती वाळलाय तो. म्हणजे देवराम तापात बडबडत नव्हता. त्याला उपाशी बोका दिसत होता, आणि ती तोंडावर सांगत होती, हो, घातलं. मरताना त्याला कळलं होतं की बायको खोटं बोलते. आयुष्यात पहिल्यांदा, आणि तेही त्याच्याशी.

सुदेशनं रसिकाला त्याच दुपारी टिटवाळ्याला माहेरी नेऊन सोडलं. परत आला तो पोतं घेऊन. "आई, आता ऐक माझं. घरात बाळ येणार आहे."

गोदूबाई आतल्या खोलीच्या दारात आडवी उभी राहिली. "एकदा माझं ऐकलंस ना? ते चुकलं. आता पोतं खाली ठेव. मी राहते त्याच्यासंगं आत. मला सुई दोनदा टोचलीय, नि जगून तरी कुणाचं भलं करायचंय!"

"तुला काय वेड लागलंय? तो साधा बोका आहे!"

"मग घाबरतोस कशाला?" ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

शिवानीनंही तेच सांगितलं होतं, सोडू नका, वेगळं ठेवा, मास्क लावा, हात धुवा. त्याच्या अंगातून विषाणू आपोआप जाईल, दर काही दिवसांनी नमुना घेत राहू. गोदूबाईनं नेमका उलटा अर्थ घेतला. जाईल म्हणजे कायमचा जाईल. देवरामच्या अंगात तयार झालेली, जिवंत अशी तेवढीच एक गोष्ट या जगात उरली होती आणि ती या बोक्यात होती. जे बोलायचं ते ती जायच्या आत बोलायला हवं. पण कुणालाही तोंडावर खरं सुनावणारी ही बाई बोक्यासमोर दिवसचे दिवस बसून राहायची आणि उठायची. तो खाटेच्या पायथ्याशी बसून वाट बघायचा. सुदेश दाराच्या फटीतून वाटी सरकवायचा, ती तो चाटूनपुसून खायचा. तिच्या हातची मात्र तशीच राहायची.

शिवानी येऊन गेली. "कमी झालाय," म्हणाली खुशीत. पुढच्या खेपेला म्हणाली, "अगदी थोडा उरलाय." सकाळचं खाकरणंही बारीक होत चाललं होतं. मोठं खाकरणं बंदच पडलं. गोदूबाईला धडकी भरली.

त्या दुपारी कंपनीचा भोंगा झाला आणि तिनं एकदम बोलायला सुरुवात केली, डबेवाल्यांवर ओरडायची तशाच आवाजात. "अहो, ऐकताय ना? नव्हतं घातलं मी! तुमची गाडी वळायच्या आत मी पोतं शोधत होते. भीती वाटली मला. तुम्ही जाल म्हणून भीती वाटली आणि कुणावर तरी राग काढायचा होता. पोरालाही पापात ओढलं. तो उपाशी होता, तुम्ही बघत होता, आणि मी तुमच्या तोंडावर खोटं बोलले. माझ्या खोट्यावर तुम्ही गेलात हो!" आणि मग ती अशी रडली, जशी दहाव्यालाही रडली नव्हती. दारापलीकडे सुदेश कपाळ टेकून उभा होता. त्यानं सगळं ऐकलं.

मुकादम खाटेवरून उतरला. सावकाश चालत आला आणि तिच्या पायाशी बसला. त्याचं अंग तापल्यासारखं गरम लागत होतं. त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि एकदाच, मोठ्यानं खाकरला. खिडकीबाहेरच्या तारेवर कावळे कधी येऊन बसले होते तिला कळलंच नाही. ते सगळे एकदम उडाले.

दुसऱ्या सकाळी मोरीशी कुणी खाकरलं नाही. शिवानीनं नमुना नेला आणि तिचा फोन आला, "आजी, निगेटिव्ह! काही नाही आता त्याच्यात." सुदेशनं रसिकाला फोन करून मोठमोठ्यानं सांगितलं. गोदूबाई मोरीत गेली, डोक्यावरून गार पाणी घेतलं आणि ओल्या अंगानं बाहेर आली. "आज गेले," एवढंच म्हणाली. सुदेशनं विचारलं नाही कोण.

मग तिनं दूधभात कालवला. मुकादम दारात बसून कान खाजवत होता. आता तो तिच्याकडे बघतही नव्हता. फाटक्या कानाचं, जरा म्हातारं झालेलं, साधं मांजर. तिनं वाटी त्याच्यापुढे ठेवली आणि हात मागे घेतला नाही. त्यानं वास घेतला. थांबला. आणि खायला लागला, तिच्या बोटांवर सांडलेलं दूधसुद्धा चाटलं.

गोदूबाईनं मोकळ्या खाटेकडे पाहिलं.

"हो," ती म्हणाली. "घातलं."