राजाची खुर्ची

क्रांती चौकातल्या सिग्नलला रिक्षा थांबली होती, तेव्हा भावाचा फोन आला. "अक्का, दानियलमामा गेले." मागून हॉर्न बोंबलत होते आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की आता मामांना पुरायचं कुठं?... महिना उलटला, मामांना पुरूनही झालं, तरी तो प्रश्न काही पाठ सोडत नाही.

मामा आमच्या चर्चचे कारभारी. रविवारी आम्हा पोरांना बायबलही तेच शिकवायचे. शमुवेलाची गोष्ट त्यांची लई आवडती. इस्राएल लोकांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांचं बघून हट्ट धरला, आम्हालाबी राजा पाहिजे. देवानं बजावलं, तो तुमची पोरं नेईल, शेतं नेईल, मग रडत आलात तर मी ऐकणार नाही. "मग, ऐकलं का येड्यांनी?" मामा विचारायचे. आम्ही ओरडायचो, "नाय!" वेदीजवळ एक शिसवी खुर्ची कायम रिकामी असायची. आमच्या पणज्यांनी ठेवलेली. ती राजाची, म्हणजे प्रभूची. उपासना चालवणारे पाळकसुद्धा तिच्यावर बसत नसत. दर शनिवारी मामा गोडेतेलाच्या फडक्यानं ती पुसायचे.

शांतामामी गेली तेव्हा तिला चर्चशेजारच्या कबरस्तानात, रस्त्याकडच्या भिंतीलगत जागा मिळाली. शेजारची मामांनी स्वतःसाठी राखली. उपासना झाली की तिथं जाऊन बसायचे, "आलोच बघ," म्हणायचे. मग रस्ता रुंद करायला पाडायची म्हणून भिंतीवर लाल खूण पडली. तरुण म्हणाले कोर्टात जाऊ, पाळक म्हणाले उपास-प्रार्थना करू. मामांनी दोन्ही मोडून काढलं, कारण निवडणुकीला उभ्या राहिलेल्या एका साहेबांनी त्यांना भिंत वाचवायचा शब्द दिला होता. साहेब चर्चमध्ये आले आणि मामांनी त्यांना हार घालून थेट त्या खुर्चीवर बसवलं! मी पुढं झाले. "मामा, कुणाची खुर्ची ही?"

"गप बस गं. देव काय मशीन अडवायला येणार हाय व्हय?"

शमुवेल शिकवणाऱ्या माणसानं हे बोलावं! अंगाची आग झाली माझ्या. साहेब म्हणाले, भिंतीची वीटसुद्धा हलणार नाही. टाळ्या झाल्या. मतंही सगळी त्यांनाच गेली.

साहेब निवडून आले, आणि एका सकाळी मशीन आलं. मामा भिंतीपुढं उभे राहून फोन लावत होते. पलीकडून एकच उत्तर, "साहेब मीटिंगमध्ये आहेत." दुपारी मामीची माती डंपरमधून गेली. कुठं नेऊन टाकली, कुणी सांगितलं नाही.

त्यानंतर मामांनी प्रार्थना सोडली. एकदा मी म्हटलं, "मामा, देवाकडं तरी बोला." म्हणाले, "कोणत्या तोंडानं? रडत आलात तर ऐकणार नाय, हे त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं ना..."  

त्यांना शहराबाहेरच्या नव्या कबरस्तानात पुरलं, एकटंच. स्मरणार्थ उपासना झाली, तेव्हा सांत्वनाला यंदाचे उमेदवार आले. मामांच्याच मुलानं तेच फडकं काढलं, खुर्ची पुसली आणि पुढं केली. हे नवे साहेब बसले, नव्या कबरस्तानाला पक्की भिंत देतो म्हणाले. लहानपणी "नाय!" म्हणून ओरडणारे आम्ही सगळे तिथंच बसलो होतो.